फ्रान्सच्या राजांची जुनी स्मृतिपदकं : नव्या संग्राहकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नावली गेल्या काही वर्षांत मला आलेल्या पत्रांतून आणि फोनवरच्या गप्पांतून जमत गेली. नाणी गोळा करणारी माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत. शिवराई, होन, मोगल रुपया यांवर तासन्‌तास बोलणारी मंडळी कुठल्याही नाणे-प्रदर्शनात भेटतात. त्यांच्यातलंच कुणीतरी मधूनच एखादं जाडजूड तपकिरी चकतं पुढे करून विचारतं, "हे काय आहे हो? याच्यावर चौदावा लुई आहे." ही उत्तरं त्यांच्यासाठी.

पदक म्हणजे शौर्यपदकासारखं, छातीवर लावायचं?

नाही. हे स्मृतिपदक. एखादा विजय, राज्याभिषेक, राजपुत्राचा जन्म, कालव्याचं बांधकाम, परदेशी वकिलातीची भेट, अशा प्रसंगाची आठवण म्हणून टांकसाळीत पाडलेली धातूची चकती. ती चलन नव्हती, बाजारात चालत नव्हती. एका बाजूला राजाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला प्रसंगाचं रूपकचित्र आणि लॅटिन ओळ. कुणाकडे अशा पदकाला वर कडी जोडलेली दिसली, तर ती बहुतेक वेळा नंतर कुणीतरी डाग देऊन लावलेली असते आणि तिने किंमत घटते.

माझ्याकडच्या पदकावर १६७२ असं साल आहे. म्हणजे ते साडेतीनशे वर्षांचं झालं ना?

या छंदातला सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हाच. पदकावरचं साल घटनेचं असतं, पदक पाडल्याचं नव्हे. १६७२ साली लुईच्या फौजा ऱ्हाइन नदी ओलांडून गेल्या. त्या प्रसंगाच्या पदकावर "त्रानातुस ऱ्हेनुस", म्हणजे "ऱ्हाइन पोहून पार केली", असं लिहिलेलं असतं. ते पदक १७०० च्या आसपास पाडलेलं असू शकतं, १८५० चं असू शकतं, नाहीतर तुमच्या वडिलांच्या तरुणपणी पाडलेलंही असू शकतं.

याचं कारण असं. पॅरिसच्या टांकसाळीने राजांच्या पदकांचे पोलादी ठसे जपून ठेवले. मागणी येईल तशी त्याच ठशांवरून, किंवा ठसे झिजल्यावर त्यांच्या हुबेहूब नकलांवरून, पदकं पुन्हा पुन्हा पाडली गेली. हा बनावटीचा धंदा नव्हता. सरकारी टांकसाळ उघडपणे ती विकत होती. फ्रेंच विक्रेते अशा पदकाला "रफ्राप" म्हणतात, आपल्याकडे रिस्ट्राइक हाच शब्द रुळला आहे.

मग मूळ कोणतं आणि रिस्ट्राइक कोणतं, हे ओळखायचं कसं?

चेहरा बघू नका, आधी कड बघा. मी नव्या माणसाला पदक दाखवतो तेव्हा आडवं धरूनच दाखवतो.

१८३२ पासून पॅरिसच्या टांकसाळीने पदकाच्या कडेवर एक बारीक खूण आणि धातूचं नाव ठोकायला सुरुवात केली. खुणा काळाप्रमाणे बदलत गेल्या. १८३२ मध्ये काही महिने जुन्या पद्धतीचा दिवा होता. मग त्याच वर्षापासून १८४१ पर्यंत "सी" अक्षरात गुंतलेला नांगर. १८४२ ते १८४५ जहाजाची नाळ, म्हणजे पुढचं टोक, १८४५ ते १८६० बोट दाखवणारा हात, १८६० ते १८८० मधमाशी, आणि १८८० पासून पुढे फळाफुलांनी भरलेलं शिंग. शेजारी "क्युइव्र" म्हणजे तांबं, "ब्रॉन्झ" किंवा "आर्जां" म्हणजे चांदी असं लिहिलेलं असतं. विसाव्या शतकातल्या काही पदकांच्या कडेवर पाडल्याचं सालही सापडतं.

मला यातली मधमाशी फार आवडते. मधमाशी हे बोनापार्ट घराण्याचं चिन्ह. तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीत पाडलेल्या पदकावर समोर लुईच्या बूरबाँ घराण्यातला राजा ऐटीत बसलेला असतो आणि कडेवर त्याच्या घराण्याच्या जागी आलेल्या सम्राटाची माशी बसलेली असते.

कडेवर काहीच खूण नाही. म्हणजे मूळ पदक नक्की?

नक्की म्हणता येणार नाही. खूण असेल तर पदक १८३२ नंतरचं, एवढं ठाम सांगता येतं. खूण नसेल तर चार शक्यता उरतात. ते खरंच प्रसंगाच्या काळातलं असेल. अठराव्या शतकात जुन्या ठशांवरून पाडलेलं असेल. कुणीतरी कानस लावून खूण घासून काढलेली असेल. किंवा मुळात ते पाडलेलंच नसेल, मूळ पदकावरून साचा घेऊन ओतलेलं असेल.

घासलेली कड भिंगाखाली कळते, तिथे एकाच दिशेच्या ताज्या रेघा असतात आणि धातूचा रंग बाकी पदकापेक्षा उजळ दिसतो. ओतीव नकलेत अक्षरांच्या कडा विरघळलेल्या साबणासारख्या गोल होतात, मोकळ्या जागेत सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात. शिवाय धातू थंड होताना आकसतो, म्हणून नक्कल मूळ पदकापेक्षा किंचित लहान भरते. यासाठी व्हर्निअर कॅलिपर हाताशी असायलाच हवा. शाळेतल्या प्रयोगशाळेत वापरला होता तोच.

अठराव्या शतकातलं पुनर्मुद्रण ओळखणं मात्र अवघड. तिथे ठशाची अवस्था बघतात. सतराव्या शतकातले ठसे पुष्कळदा तडकायचे. तडक पदकावर बारीक उंच रेघेसारखी उमटते. ठसा तिजोरीत पडून गंजला असेल तर नंतरच्या पदकांच्या मोकळ्या जागेवर बारीक पुरळ दिसतं. दोन-तीन नग शेजारी ठेवून बघितल्याशिवाय ही नजर बसत नाही.

चौदाव्या लुईचीच पदकं इतकी का दिसतात?

कारण त्याने त्यासाठी अख्खी समिती बसवली होती. १६६३ मध्ये कोल्बेर या त्याच्या मंत्र्याने चार विद्वानांचं छोटं मंडळ नेमलं. त्याला "पतीत अकादेमी", म्हणजे छोटी अकादमी, म्हणत. राजाच्या स्मारकांवर काय लिहायचं आणि पदकांवर काय कोरायचं, हे ठरवणं त्यांचं काम. पुढे नाटककार रासीन आणि कवी बोआलो हेही त्यात आले. लॅटिन वापरायची की फ्रेंच यावर त्या काळी जोरदार वाद झाला. पदकांपुरती तरी लॅटिन जिंकली, म्हणून आज आपण शब्दकोश घेऊन बसतो.

या मंडळाने राजाच्या कारकिर्दीचा जणू धातूतला बखरग्रंथच रचला. १७०२ मध्ये शाही छापखान्याने २८६ पदकांची चित्रं आणि वर्णनं असलेला देखणा ग्रंथ काढला. लुईच्या मृत्यूनंतर १७२३ च्या आवृत्तीत ती संख्या ३१८ झाली. सगळी पदकं एकाच मापाची केली, सुमारे ४१ मिलिमीटर, म्हणजे त्या वेळच्या फ्रेंच मोजणीत १८ लीन्य. त्यांतले बहुसंख्य ठसे झाँ मोजे या एका कारागिराने कोरले. राजाच्या गळ्याखाली "माव्गेर एफ." अशी सही दिसली तर तो हाच, लॅटिन वळणाच्या अक्षरांत "यू" च्या जागी "व्ही" कोरलेला.

आता वरच्या उत्तराशी हे जोडून बघा. १७०० पर्यंतच्या घटनांची पदकं एका दमात, एका मापात, त्या घटना होऊन गेल्यावर कित्येक वर्षांनी पाडली गेली. म्हणजे या मालिकेत "मूळ" पदकसुद्धा घटनेनंतरचंच असतं. घटनेच्या वेळी पाडलेली पदकंही आहेत, विशेषतः झाँ वारँ या कारागिराची. हा लिएजचा माणूस, १६७२ मध्ये वारला. ती निराळ्या मापांची असतात आणि बाजारात क्वचितच येतात. पॅरिसच्या लूव्र राजवाड्याच्या नव्या इमारतीचा पाया १६६५ मध्ये घातला तेव्हा त्याने केलेलं पदक पायात पुरलं होतं. त्यावर बेर्निनी या इटालियन शिल्पकाराचा आराखडा आहे. तो आराखडा पुढे रद्द झाला, पदकावरची इमारत कधी उभी राहिलीच नाही.

पदकावरचं लॅटिन कसं वाचायचं?

सुरुवातीला तीन गोष्टी पुरतात. "लुडोविकुस" म्हणजे लुई. "रेक्स ख्रिस्तियानिसिमुस" म्हणजे "परम ख्रिस्ती राजा", ही फ्रेंच राजांची बिरुदावली, आणि जागा कमी पडेल तशी ती कापली जाते. मागच्या बाजूला तळाशी आडव्या रेघेखालच्या पट्टीला फ्रेंचमध्ये "एग्झेर्ग" म्हणतात. घटना आणि साल तिथे असतं. साल रोमन अंकांत, एम म्हणजे १०००, डी ५००, सी १००, एल ५०, एक्स १०.

वरची गोलाकार ओळ मात्र बहुतेकदा काव्यात्मक असते आणि ती एकटी वाचून घटना कळत नाही. "फामा व्हिर्तुतिस", "सद्गुणांची कीर्ती", यावरून काय समजणार? खालच्या पट्टीत "सयामच्या राजाचे वकील, १६८६" असं वाचल्यावर उलगडतं. सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, राजाचा वकील कोसा पान १ सप्टेंबर १६८६ रोजी व्हर्सायला लुईपुढे आला, ही ती भेट.

काही ओळींमागे रक्त आहे, हेही ध्यानात असू द्या. १६८५ च्या एका पदकावर "रेलिगियो व्हिक्त्रिक्स", "विजयी धर्म", असं लिहिलंय आणि खाली कॅल्व्हिनपंथीय प्रॉटेस्टंटांची प्रार्थनामंदिरं पाडल्याची नोंद आहे. त्यांना धर्मपालनाची मोकळीक देणारा नांतचा फतवा त्या वर्षी रद्द झाला आणि प्रॉटेस्टंट लोक देशोधडीला लागले. पदक सुबक आहे, पण ते राजाच्या बाजूने बोलतं. स्मृतिपदक हा पुरावा असतो तो राजाला काय लक्षात राहावं असं वाटत होतं याचा.

लुईच्या आधीची पदकं मिळतात का?

मिळतात, पण तिथे खिसा आणि धीर दोन्ही मोठे लागतात. सोळाव्या शतकातल्या जेर्मँ पिलाँ या शिल्पकाराने दुसरा हेन्री, कातरीन द मेदिची, नववा शार्ल यांची मोठी ओतीव पदकं केली. चौथ्या हेन्रीच्या दरबारातला गियोम द्युप्रे तर या कलेतला माझ्या मते सगळ्यात थोर माणूस. त्याच्या १६०३ च्या पदकावर राजा युद्धदेव मार्सच्या वेशात आणि राणी रोमन देवी मिनर्व्हाच्या वेशात एकमेकांचा हात धरून उभे आहेत. मधे त्यांचा नागडा छोटा राजपुत्र, त्याचा पाय डॉल्फिनवर. फ्रेंचमध्ये युवराजालाही "दोफँ" म्हणजे डॉल्फिनच म्हणतात, तो हा श्लेष.

इथे वरचा नियम उलटा होतो. ही पदकं मुळातच ओतीव, त्यामुळे "ओतीव म्हणजे नक्कल" असं म्हणून भागत नाही. नकलेची नक्कल, तिची नक्कल, अशा पिढ्या चारशे वर्षं चालू आहेत. संग्रहालयातल्या नगाचं माप माहीत असल्याशिवाय हात घालू नये.

क्लोव्हिस, शार्लमेन अशा फार प्राचीन राजांची पदकं स्वस्तात दिसतात. घ्यावीत का?

आवड असेल तर जरूर घ्या, पण ती त्या राजांच्या काळातली नाहीत. आर्माँ काके या ठसेकाराने १८३० च्या दशकात फ्रान्सच्या सगळ्या राजांची मालिका केली, दंतकथेतल्या फारामाँपासून तेव्हा गादीवर असलेल्या लुई-फिलिपपर्यंत. फारामाँचा चेहरा कुणी पाहिलाय? काकेने तो मनाने केला. साधारण पन्नास मिलिमीटरची, चॉकलेटी तांब्याची ही पदकं दिसायला झकास आहेत आणि एका ओळीत मांडली की शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यासारखी वाटतात.

कमी पैशांत खरा जुना, राजाच्या काळातलाच नग हवा असेल तर?

मग जेतों घ्या. या फ्रेंच राजवटीतल्या छोट्या, नाण्याएवढ्या धातूच्या चकत्या. मुळात हिशोबाच्या पटावर सोंगट्यांसारखे सरकवायचे, म्हणून "टाकणे" या क्रियापदावरून हे नाव. पुढे हिशोब कागदावर आला आणि जेतों ही नववर्षाची भेट झाली. राजकोष, युद्धखातं, राजाचं बांधकाम खातं, ब्रतान्य आणि लांगदॉकच्या प्रांतसभा, पॅरिस नगरपालिका, सगळे आपापले जेतों पाडून घेत आणि अधिकाऱ्यांना चांदीतले वाटत. पुष्कळ पाडले म्हणून आजही पुष्कळ मिळतात. पंधराव्या लुईच्या काळातला जेतों मोठ्या पदकाच्या मानाने फार कमी पैशांत येतो, आणि ठसे कोरणारे कारागीर तेच, द्युव्हिव्हिए, रोएतिए वगैरे.

एक सापळा सांगतो. जर्मनीतल्या न्युरेंबर्गमध्ये लाउफर घराण्यासारखे कारागीर लुईच्या चेहऱ्याचे पातळ पितळी जेतों ढिगाने पाडत. तेही जुनेच आहेत आणि गमतीचेही, पण फ्रेंच राजाच्या खात्याने काढलेले नाहीत. पिवळं, पातळ आणि चेहरा जरा गावठी दिसला की लाउफरचं नाव शोधा.

राज्याभिषेकाची पदकं वेगळी असतात का?

फ्रेंच राजांना रँस शहरातल्या कॅथेड्रलमध्ये पवित्र तेलाचा अभिषेक होई, आणि त्या प्रसंगाचं पदक निघे. पंधराव्या लुईच्या, २५ ऑक्टोबर १७२२ च्या पदकावर "स्वर्गीय तेलाने अभिषिक्त राजा" अशा अर्थाची ओळ आहे. तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि कोवळा चेहरा पदकावरही लपत नाही. सोळाव्या लुईचा अभिषेक ११ जून १७७५ ला, आणि रँसमधला शेवटचा दहाव्या शार्लचा, २९ मे १८२५ ला. विषय छोटा आहे, चेहरे मोजके आहेत. एकाच विषयावर संग्रह करायचा असेल तर मी हाच सुचवतो.

सोळाव्या लुईच्या वधाचं पदक फ्रेंच आहे का?

फ्रेंच राज्यक्रांतीत २१ जानेवारी १७९३ ला झालेल्या वधाची जी पदकं बाजारात दिसतात त्यांतली बरीच फ्रान्सबाहेरची आहेत. बर्लिनच्या लोसने केली, बर्मिंगहॅमच्या सोहो टांकसाळीसाठी क्युशलरने केली. फ्रान्समध्ये त्या वेळी राजासाठी उघडपणे रडणं जिवावर बेतणारं होतं.

शिवाजी महाराजांशी याचा काही संबंध?

पदकांशी थेट नाही, पण काळ तोच. लुईचा रँसमधला अभिषेक १६५४ चा, रायगडावरचा १६७४ चा. फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनी १६६४ मध्ये निघाली, १६६८ मध्ये सुरतेत तिची वखार आली, आणि १६७७ च्या दक्षिण दिग्विजयात पाँडिचेरीच्या फ्रँस्वा मार्तँने महाराजांकडे वकील पाठवून वखार चालू ठेवण्याची परवानगी मिळवली. दोन्ही राजांना आपली नाममुद्रा धातूवर उमटवण्याचं महत्त्व कळत होतं. फरक इतकाच, की महाराजांचा होन आणि शिवराई ही रोजच्या व्यवहारात फिरणारी नाणी होती, आणि लुईची पदकं लाल मखमलीच्या पेटीत बसणारी.

साफ कसं करायचं?

करायचं नाही.

हे एका शब्दात सांगून भागत नाही हे अनुभवाने माहीत आहे, म्हणून पुढचं. दिवाळीत तांब्या-पितळेची भांडी घासतो तशी चिंच, लिंबू, राख, भांड्यांची पावडर, यांतलं काहीही पदकाला लावू नका. ब्रॉन्झवरचा तपकिरी थर हा मळ नाही. तो बराचसा टांकसाळीतच चढवलेला असतो आणि संग्राहक त्याचेच पैसे मोजतात. एकदा उडाला की गुलाबी तांबं वर येतं, आणि तो रंग परत येत नाही. धूळ असेल तर मऊ कोरडा ब्रश. पदक कायम कडेला धरून उचला.

हिरव्या डागांत फरक करायला शिका. गुळगुळीत, घट्ट हिरवा थर सहसा शांत असतो. फिक्या हिरव्या रंगाची भुकटी बोटाला लागत असेल तर तो ब्रॉन्झचा रोग. क्लोराइड आणि ओलावा मिळून तो धातू खात जातो. तो नग लगेच वेगळा ठेवा, कोरडा ठेवा, आणि धातूसंवर्धन जाणणाऱ्याला दाखवा. मुंबई आणि कोकणातल्या पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या हव्यातच, आणि त्या अधूनमधून बदलायला हव्यात. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांतून काही वर्षांनी चिकट हिरवट द्रव सुटतो, ती पाकिटं नकोत.

परदेशातून मागवताना काय बघायचं?

विक्रेत्याकडे तीन गोष्टी मागा. कडेचा पूर्ण फेरीचा फोटो, मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंतचं माप, आणि वजन. जो कडेचा फोटो द्यायला टाळाटाळ करतो त्याच्याशी बोलणं तिथेच संपवा.

फ्रेंच यादीतले शब्दही गंमतशीर आहेत. "त्रे बो" याचा शब्दशः अर्थ "फार सुंदर", पण यादीत तो बऱ्यापैकी झिजलेल्या नगाला लावतात. "त्रे त्रे बो" म्हणजे बरा नग. "स्युपेर्ब" म्हटलं की मग खरोखर चांगला. त्याहून वर "स्प्लांदीद" आणि "फ्लर द क्वँ", म्हणजे ठशातून नुकतं बाहेर पडलेलं. लिलावात बोलीच्या वर लिलावघराचा हिस्सा, मग टपालखर्च, मग इथला सीमाशुल्क आणि कर, हे सगळं धरून मगच बोलीचा आकडा मनाशी ठरवा. पावतीवर वस्तूचं वर्णन आणि काळ स्पष्ट लिहून घ्या.

आणि एक कायद्याचं. आपल्या पुरावस्तू आणि कलानिधी कायदा १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. पदक परत परदेशात विकायचा विचार असेल तर आयातीचे कागद जन्मभर सांभाळा आणि पाठवण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे विचारा.

पुस्तकं महाग आहेत. फुकटात शिकता येईल का?

येईल. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या गालिका या संकेतस्थळावर जुने ग्रंथ आणि पदकांचे फोटो मोफत बघता येतात. त्या ग्रंथालयाचा पदकविभाग पॅरिसमध्ये रिशलिए रस्त्यावर आहे. नातेवाईक पॅरिसला निघाले असतील तर आयफेल टॉवरनंतर अर्धा दिवस त्यांना तिकडे पाठवा. सेन नदीकाठी कोंती धक्क्यावर टांकसाळीची १७७५ मध्ये पुरी झालेली इमारत आहे, तिथेही संग्रहालय आहे.

तुम्ही स्वतः कधी फसलात का?

फसलो. सुरुवातीच्या काळात "केबेका लिबेराता" असं लिहिलेलं, १६९० सालचं पदक घेतलं. फ्रेंचांनी क्यूबेकवरचा इंग्रजांचा हल्ला परतवला त्याचं. फोटोत राजा छान होता, मागे खडकावर बसलेली फ्रान्सदेवीही छान होती, आणि विकणाऱ्याने "सतराव्या शतकातलं" असं लिहिलं होतं. कडेचा फोटो मी मागितला नाही. पाकीट उघडलं, पदक फिरवलं, तर कडेवर फळाफुलांचं शिंग आणि पुढे स्वच्छ अक्षरांत "ब्रॉन्झ". ते परत करायला टपालखर्चच जास्त पडला असता. अजून ते माझ्या टेबलावर आहे, कागदांवर वजन म्हणून, कड बाहेरच्या बाजूला करून.